रुंद खणातले कागद

मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी मांडणी पाहिलीही नसेल. मी भिंतीएवढी उंच आहे आणि माझ्या अंगभर चौकोनी खण आहेत. एकेका खणात एखादे कबूतर पाय दुमडून बसेल, एवढीच जागा. स्वभावाने मी फार काळजी करणारी आहे. ज्याच्या अंगाला एवढी भोके, त्याच्या जिवाला तेवढेच घोर, असे माझे झाले आहे. आजही मी काळजीतच आहे. त्याचे कारण शेवटी सांगेन, कारण मधले सगळे ऐकल्याशिवाय ते तुम्हांला पटायचे नाही.

मला एका सुताराने घडवले. त्याची बायको फळी धरायची आणि तो खिळा ठोकायचा. दोघे दिवसभर भांडत, पण फळी कधी हलली नाही. सगळे खण अगदी एका मापाचे झाले. शेवटच्या ओळीतला उजवीकडचा कोपरा तेवढा उरला होता, तेव्हा बायको आत गेली आणि तिने जेवायला हाक मारली. जेवून, पाणी पिऊन, जरा डुलकी काढून सुतार परत आला तो माप विसरून. मग तो एक खण बाकीच्यांच्या दीडपट रुंद झाला. सुताराने डोके खाजवले आणि म्हणाला, "असू दे. घरात एखादी खोली ऐसपैस असावी." तो रुंद खण पुढे मला किती छळणार आहे, हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

मला टपाल कचेरीत उभे केले गेले. एक खण म्हणजे एक रस्ता. सकाळी टपालाची पोती यायची, पत्रे खणाखणांत लागायची आणि मग पोस्टमन आपापल्या रस्त्याचा गठ्ठा उचलून बटवड्याला निघायचे. कोपऱ्यातल्या रुंद खणाला मात्र रस्ता मिळाला नाही. पोस्टमास्तरांनी त्याच्यावर काळ्या रंगाने 'परत' असे लिहिले. ज्या पत्रांचा धनी सापडत नाही, ती पत्रे त्या खणात जात आणि आठवड्याच्या शेवटी पाठवणाऱ्याकडे परत निघत.

पत्रे लावायचे काम एका तरुण माणसाकडे होते. पुढे त्याचे केस पिकले आणि सारे गाव त्याला टपालमामा म्हणू लागले. मित्रांनो, मामांचे हात तुम्ही पाहायला हवे होते! डाव्या हातात पत्रांची चळत, उजव्या हाताने पत्र सुटायचे आणि बरोबर आपल्या खणात जाऊन पडायचे. मामांचे तोंड त्या वेळी भलत्याच गप्पा मारत असायचे. तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी एकदा घड्याळ हातात धरून त्यांचे काम पाहिले आणि म्हणाले, "याच्या हातांनाच डोळे आहेत." मामांनी ते वाक्य जन्मभर जपले. मीही जपले, कारण त्यात थोडे कौतुक माझेही होते.

मामांचा एक नियम होता. माणूस घर बदलून गेला असेल आणि नवा पत्ता ठेवून गेला असेल, तर पत्र एकदा त्या नव्या पत्त्यावर पाठवायचे. तिथेही कुलूप असले, तर मात्र पत्र रुंद खणात टाकायचे. "दोन दारं झाली, आता परत," असे मामा म्हणायचे आणि हात आपोआप खाली कोपऱ्याकडे जायचा. हा कचेरीचाच नियम होता. पण मामांच्या तोंडी तो इतका बसला होता, की चहाचा दुसरा कप झाल्यावरही ते तेच म्हणत.

आता तुम्हांला गाव कसे आहे ते सांगितले पाहिजे. गावाच्या मधून एक कालवा जातो. वरच्या बाजूला दगडी घरे, दुकाने, दवाखाना आणि शाळा. पलीकडच्या बाजूला भाड्याच्या खोल्या. पाच घरांतले एक घर पलीकडचे, असा साधारण हिशेब. कालव्यावर पूल एकच, तोही पार गावाच्या टोकाला. पलीकडची माणसे सारखी खोल्या बदलत. कुठे भिंतीला ओल यायची, कुठे भाडे वाढायचे, कुठे मालकाच्या मुलाचे लग्न व्हायचे. त्यामुळे माझ्या रुंद खणात जी पत्रे येत, त्यांतली बहुतेक पलीकडचीच असत.

पलीकडे एक लहान मुलगी होती. तिचे वडील दूर जहाजावर कामाला होते. शाळा सुटली की ती लांबच्या पुलावरून वळसा घालून टपाल कचेरीत यायची, खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकवायची आणि विचारायची, "मामा, आमचं काही?"

मामा तिच्या रस्त्याचा खण बघत. "नाही गं बाळ."

"नीट बघा ना. मागे हात घालून बघा."

मामा हसून हात घालायचे. "बघ, काही राहिलं नाही."

मित्रांनो, एके दिवशी ती असे विचारत असताना तिच्या आईच्या नावाचे पाकीट माझ्या रुंद खणात पडलेले होते. जुन्या खोलीवर जाऊन आले होते, मधल्या खोलीवर जाऊन आले होते. तिसरे दार तर खिडकीशी येऊन उभे होते! पण मामांनी त्या खणाकडे पाहिले नाही. नियमाप्रमाणे त्या खणातल्या पत्रांचे काम संपलेले असते. मला लाकडाला ओरडता येत नाही. मी फक्त कुरकुरले. मामा म्हणाले, "हवा दमट झालीये," आणि मुलगी घरी गेली. त्या दिवसापासून त्या कोपऱ्यात मला जी धाकधूक सुरू झाली, ती काही गेली नाही.

पुढे दूरच्या शहरात पत्रे लावायचे यंत्र आले आणि आमची कचेरी बंद झाली. मामा निवृत्त झाले. मला हातगाडीवर घालून नगरपालिकेच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवले. तिथे माझ्या खणांत रंगाचे डबे, फुटके बल्ब आणि पायपुसणी आली. रुंद खणात एका मांजरीने पिल्ले घातली. ते दिवस त्यातल्या त्यात बरे होते. पिल्ले निदान ऊबदार तरी होती.

एकदा लोखंडवाले त्या खोलीत आले. लोखंडवाले म्हणजे गावातल्या मोठ्या लोखंडी सामानाच्या दुकानाचे मालक. नगरपालिकेच्या पाच सभासदांपैकी ते एक होते, आणि ते सभासद नव्हते असा काळ कोणाला आठवत नव्हता. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि माझे अंग मोजले. "मधोमध करवत मारली, की दोन कपाटं होतील," ते बरोबरच्या माणसाला म्हणाले. "एक खिळ्यांना, एक बिजागऱ्यांना. भंगारात निघाली की सांगा." त्या दिवसापासून कोणी दार उघडले, की मला आधी करवतच दिसायची.

माझी सुटका केली ती कारकूनबाईंनी. या नगरपालिकेच्या कारकून. चष्मा सारखा नाकावरून घसरणाऱ्या, पण बोलताना न घसरणाऱ्या. गावात निवडणूक जवळ आली होती आणि बाईंनी बरीच वर्षे लावून धरलेली एक गोष्ट सभासदांनी शेवटी मान्य केली होती. नव्या पद्धतीने मतदान करून बघायचे.

जुनी पद्धत अशी होती. प्रत्येकाने पाच नावांवर पाच शिक्के मारायचे. वरच्या बाजूची माणसे जास्त, म्हणून त्यांचीच पाच नावे वर यायची. पलीकडच्यांनी कितीही शिक्के मारले, तरी त्यांचे एकही नाव वर येत नसे. पाच घरांतले एक घर त्यांचे, पण पाच खुर्च्यांतली एकही खुर्ची त्यांची नाही. पलीकडच्यांना कालव्यावर एक पायपूल हवा होता. तो दर वर्षी 'पुढच्या वर्षी' होणार होता.

नव्या पद्धतीत शिक्के नव्हते. आवडीच्या क्रमाने नावांपुढे आकडे टाकायचे. पहिल्या पसंतीला एक, मग दोन, मग तीन. बाईंनी सभागृहात लोकांना समजावले तेव्हा मी मागच्या खोलीत मधल्या भिंतीला टेकून ऐकत होते.

"तुमचा कागद आधी तुमच्या पहिल्या माणसाकडे जाईल," बाई म्हणाल्या. "निवडून यायला किती कागद लागतात तो आकडा ठरलेला आहे. तुमच्या माणसाकडे त्याहून जास्त जमले, तर जास्तीचे कागद नियमाप्रमाणे पुढच्या पसंतीकडे जातील. आणि तुमचा माणूस सगळ्यांत मागे राहून बाद झाला, तरी तुमचा कागद वाया जाणार नाही. तोही पुढच्या पसंतीकडे जाईल. ज्या बाजूला जेवढी माणसं, साधारण तेवढ्या खुर्च्या."

"म्हणजे कागद फिरत राहणार?" कोणीतरी विचारले.

"जोवर पुढे आकडा आहे, तोवर फिरणार."

मित्रांनो, मी टपालातली. एकदा खणात गेलेले पत्र पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या खणात टाकणे म्हणजे आमच्यात चूक. आणि इथे चुकीचाच कार्यक्रम ठरला होता! लोखंडवाल्यांनीही ठरावात एक वाक्य घालून घेतले होते. मोजणीत घोटाळा झाला, तर पुन्हा जुनी पद्धत. ते मागच्या खुर्चीवरून हसत म्हणाले, "करा, करा. हौसेला मोल नाही."

पण कागद फिरवायचे तर खण हवेत. म्हणून बाईंनी मला मागच्या खोलीतून काढले, पुसले आणि सभागृहात उभे केले. मांजरीला टोपलीत दुसरे घर मिळाले. मधल्या ओळीत नऊ उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्या लागल्या. ज्या कागदावर पुढे कोणाचेच नाव उरले नाही, अशा कागदांसाठी बाईंनी रुंद खण ठेवला. त्यावर त्यांनी 'पुढे नाव नाही' अशी चिठ्ठी चिकटवली. पण चिठ्ठी लहान होती आणि पोस्टमास्तरांची अक्षरे मोठी. 'परत' हा शब्द खालून तसाच दिसत राहिला. तो दिसला आणि माझी जुनी धाकधूक पुन्हा जागी झाली.

मोजायला माणूस कोण? सारे गाव एका तोंडाने म्हणाले, टपालमामा. मामा कोट घालून आले. माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या बाजूच्या फळीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय म्हातारे, ओळखलंस का?" मी कुरकुरले. बाईंनी त्यांच्याकडून थोड्या कागदांवर सराव करून घेतला. सर्वांत मागचा उमेदवार बाद, त्याचे कागद उचला, दुसरा आकडा बघा, त्या खणात टाका. मामांनी गप्पा मारत मारत ते करून टाकले. "सोपं आहे की हे. पत्ता बदललेलं पत्र," ते म्हणाले. बाई खूश झाल्या. पण सरावात एकच उमेदवार बाद केला होता, आणि हे मला सारखे टोचत होते.

पलीकडून या वेळी तिघे उभे होते. सायकल दुरुस्त करणारा, त्याची सख्खी बहीण इस्त्रीवाली, आणि एक परिचारिका, जिला सगळे सुईताई म्हणत. लोखंडवाले नेहमीप्रमाणे वरच्या बाजूने उभे होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "एकाला मिळत नाही, तिथे तिघं! आपापसांत मतं खाणार आणि हात हलवत घरी जाणार." जुन्या पद्धतीत तसेच झाले असते. पण सुईताईने पलीकडचे दार न् दार फिरून लोकांना शिकवले होते. "आधी कोणालाही द्या," ती म्हणायची, "पण तिघांपुढेही आकडे टाकल्याशिवाय कागद दुमडू नका." बाळंतपणाला रात्री-अपरात्री लांबच्या पुलावरून वळसा घालून जाणारी ती बाई. तिचा शब्द पलीकडे कोण मोडणार? मतदानाच्या आदल्या दिवशी ती सभागृह बघायला आली. माझ्याजवळ आली, खालच्या कोपऱ्याकडे तिची नजर गेली आणि ती थबकली. तिने हनुवटी जरा पुढे केली. मित्रांनो, तेव्हा मी तिला ओळखले.

मोजणी सकाळी सुरू झाली. मोजणीच्या जागेभोवती दोरी बांधली होती आणि तिच्या बाहेर बाकांवर उमेदवार बसले होते. मामांचे हात चालू झाले आणि बघणारे माना उंचावून पाहू लागले. वरच्या बाजूने उभ्या असलेल्या पाववाल्याचा खण भरून वाहू लागला, त्याचे जास्तीचे कागद बाईंनी नियमाप्रमाणे पुढे पाठवले. मग एकेक मागचा उमेदवार बाद होऊ लागला. पलीकडच्यांपैकी आधी सायकलवाला बाद झाला. त्याचे कागद बहिणीकडे आणि सुईताईकडे गेले. सगळे सुरळीत चालले होते. एखादे काम सुरळीत चालले, की मला जास्तच भीती वाटते.

दुपार टळली तेव्हा चार खुर्च्या भरल्या होत्या. चौघेही वरचे. पाचवी एकच खुर्ची उरली होती आणि उमेदवार तीन: लोखंडवाले, सुईताई आणि इस्त्रीवाली. इस्त्रीवाली सगळ्यांत मागे होती. ती बाद झाली. आता तिचे कागद ज्याच्याकडे जातील, त्याची खुर्ची.

मामांनी तिच्या खणातला गठ्ठा उचलला. पहिला आकडा इस्त्रीवाली. दुसरा आकडा बघितला. आता तुम्हीच सांगा, इस्त्रीवालीला मत देणारा माणूस दुसरे मत कोणाला देणार? शेजारच्याच दुकानातल्या तिच्या भावाला. आणि भाऊ तर कधीच बाद झालेला. त्याचे दार बंद. मामांचा हात क्षणभर सुद्धा अडखळला नाही. तो सरळ खाली कोपऱ्याकडे गेला.

एक कागद. मग आणखी एक. तिसऱ्या आकड्याकडे मामा बघतच नव्हते! ते बाजूच्या माणसाशी आपल्या नातवाच्या दातांबद्दल बोलत होते आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होते, "दोन दारं झाली, आता परत. दोन दारं झाली, आता परत." माझा रुंद खण जड होत गेला. इतका जड तो टपालातही कधी झाला नव्हता. मित्रांनो, त्या वेळची माझी तडफड मी कशी सांगू? ज्याला दिसते त्याला बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येते त्याला दिसत नाही. मी कुरकुरले. मामा म्हणाले, "हवा दमट झालीये."

गठ्ठा संपला. सुईताईच्या खणात थोडेच नवे कागद आले होते. लोखंडवाल्यांचा गठ्ठा तिच्याहून उंच होता. बाईंनी खडू हातात घेतला. फळ्यावरच्या सुईताईच्या नावावर रेघ मारायला त्या वळल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मोजणी ती मोजणी.

"बाई, जरा थांबता का?" बाकावरून आवाज आला. सुईताई उभी होती. "त्या खालच्या खणात एवढे कागद कसे?"

"पुढे नाव नसलेले आहेत ते," बाई म्हणाल्या.

"तसं कसं होईल? मी घरोघरी सांगितलंय, तिघांपुढे आकडे टाका म्हणून. दोन-चार जण विसरतील. एवढे कसे विसरतील?"

लोखंडवाले मांडी बदलत म्हणाले, "हरल्यावर सगळ्यांनाच खण जड दिसतात, ताई."

काही जण हसले. सुईताईचे कान लाल झाले, पण ती खाली बसली नाही.

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. त्यांच्या मनात काय चालले असेल, ते मी त्यांच्या बोटांवरून सांगू शकते. खण उघडून बघावा आणि चूक निघावी, तर घोटाळा झाला असे होणार. घोटाळा झाला तर ठरावाप्रमाणे पुन्हा पाच शिक्के. सगळी वर्षे पाण्यात. आणि बघू नये, रेघ मारावी, तर कोणीही त्यांना बोल लावणार नव्हते. कायद्याने हरकत लेखी घ्यायची असते आणि सुईताईने ती लेखी दिलेली नव्हती. रेघ मारणे अगदी सोपे होते. मला वाटले, आता त्या रेघ मारणार. माझ्या फळ्यांमधला जुना सरस सुद्धा त्या वेळी सुटेल असे वाटले.

बाईंनी खडू खाली ठेवला. "मामा, तो गठ्ठा एकदा बघायचा का?"

मामांचा चेहरा एकदम बदलला. "बाई, या खणांसमोर जन्म गेलाय माझा. साहेब म्हणाले होते, याच्या हातांना डोळे आहेत. आता उतारवयात माझी परीक्षा घेताय?"

"परीक्षा नाही हो, मामा. मी बघते, तुम्ही बसा."

"मी का बसू? खण माझा आहे. मीच बघतो." मामांनी तिरीमिरीत हात घातला, वरचा एक कागद काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायला लागले. "एक, इस्त्रीवाली. दोन, सायकलवाला. बंद. तीन..."

तिथे ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. मग दुसरा काढला. मग तिसरा.

"तीन, सुईताई," ते हळूच म्हणाले. "याच्यावरही. आणि याच्यावरही." मग बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, हे हातांनी केलं. डोक्याला विचारायला गेलेच नाहीत. टपालात दोन दारं झाली की परत. पण यांचं तिसरं दार लिहिलेलं आहे."

लोखंडवाले ताडकन उठले. "बघा! ऐका सगळ्यांनी! घोटाळा झाला. त्यांच्याच माणसानं कबूल केलं. रद्द करा मोजणी, काढा जुने शिक्के!"

सभागृहात एकच गलका झाला. मी डोळे मिटले असते, पण मला डोळेच नाहीत, नुसते खण आहेत. मग कारकूनबाईंचा आवाज आला. त्यांचा चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर होता आणि आवाज मात्र पक्का होता.

"चूक झाली आहे," बाई म्हणाल्या. "मीच सराव अर्धा घेतला, म्हणून झाली. सगळ्यांसमोर झाली, आणि आता सगळ्यांसमोरच दुरुस्त होईल. कागद इथेच आहेत. एकही हरवलेला नाही. लोखंडवाले, तुम्ही दोरीच्या आत या आणि माझ्या शेजारी उभे राहा. प्रत्येक कागद तुम्हांला दाखवते."

मग रुंद खणातला एकेक कागद उजेडात धरला गेला. मामा आता गप्पा मारत नव्हते. ते पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत बोट फिरवत वाचत होते, जसे लहान मूल वाचते. काही कागदांवर खरोखरच पुढे नाव नव्हते. ते पुन्हा रुंद खणात गेले. काहींवर चक्क लोखंडवाल्यांचे नाव निघाले आणि बाईंनी ते त्याच आवाजात पुकारले. लोखंडवाल्यांनी वाकून तो आकडा पुन्हा वाचला. पलीकडच्या कोणी त्यांचे नाव लिहिले असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. पण बाकीचे कागद सुईताईच्या खणात जात राहिले. तिचा गठ्ठा लोखंडवाल्यांच्या गठ्ठ्याच्या बरोबरीला आला, मग वर गेला, आणि मग फळ्यावर रेघ पडली ती दुसऱ्याच नावावर.

पलीकडची माणसे ओरडली नाहीत. त्यांना सवयच नव्हती. इस्त्रीवाली आपल्या भावाच्या पाठीत धपाटा घालून रडायला लागली, एवढेच.

कागद मोहोरबंद करून पेटीत गेले आणि माणसे पांगली. मामा माझ्यासमोर स्टुलावर बसून होते. सुईताई दोरी ओलांडून आली आणि त्यांच्याजवळ उभी राहिली.

"मामा, लहानपणी मी रोज यायचे. आठवतं?"

मामांनी तिच्याकडे निरखून पाहिले. "जहाजवाल्याची मुलगी?"

"हो. तुम्ही म्हणायचात, काही राहिलं नाही."

मामांनी मान खाली घातली. त्यांना ते पाकीट आठवत नव्हते आणि मला ते सांगता येत नव्हते. पण मला वाटते, त्या क्षणी त्यांना काहीतरी उमगले असावे. कारण ते म्हणाले, "तू स्वतः बघ, बाळ."

सुईताई खाली वाकली. रुंद खणात तिने हात घातला, कोपरापर्यंत, पार मागच्या फळीपर्यंत. तिची बोटे माझ्या त्या जुन्या लाकडावर इकडून तिकडे फिरली. मग तिने हात बाहेर काढला, त्यावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "आता काही राहिलं नाही."

मित्रांनो, माझी गोष्ट इथे गोड व्हायला हवी होती. पण मी सुरुवातीलाच सांगितले, मी काळजीत आहे. लोखंडवाल्यांनी हरकत घेतली आहे. मोजणीत चूक झाली, म्हणून पद्धतच टाकून द्या, असे त्यांचे म्हणणे आहे. उद्या सकाळी याच सभागृहात नवे पाच सभासद त्यावर मत देणार आहेत. सुईताईचे मत एकच आहे. बाकीचे चौघे वरचे आहेत आणि त्यांच्या मनात काय आहे, ते कोणालाच माहीत नाही. पायपुलाचा विषयही त्यानंतरच निघेल, निघाला तर. आज संध्याकाळी लोखंडवाले येऊन गेले. खिशात मोजपट्टी होती, पण ती त्यांनी बाहेर काढली नाही. याचा अर्थ काय लावावा, हे मला कळत नाही.

मामा मात्र रोज येतात. त्यांनी ओल्या फडक्याने घासून घासून पोस्टमास्तरांची ती काळी अक्षरे काढायचा प्रयत्न केला. ती पुरती गेली नाहीत, पण पुसट झाली आहेत.

तेव्हा मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, मला तेलपाणी करा, असे मी तुम्हांला सांगणार नाही. कपाट झाले तर मी खिळेही सांभाळीन. माझे एकच मागणे आहे. तुम्ही उद्या मोठे व्हाल. कोणी कचेरीत बसाल, कोणी खिडकीमागे, कोणी मोजायला. एखादे माणूस लांबचा वळसा घालून तुमच्यासमोर येईल आणि विचारेल, आमचे काही आहे का? तेव्हा उभ्या उभ्या 'नाही' म्हणू नका. हात आत घाला, मागच्या फळीपर्यंत.